तुटक्या दाताची शीळ

"आवाज वाढवू नको," तानाबाई म्हणाली. "मला त्याचा गळा बघू दे."

क्रांतीनं रिमोट खाली ठेवला. खोलीत गल्लीतली पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, दोघीतिघी दारात उभ्या होत्या, आणि टीव्हीत तानाबाईचा मुलगा विश्वजित गळ्यात सॅक्सोफोन अडकवून निळ्या उजेडात उभा होता. रविवारची संध्याकाळ, साडेसात. उचगावातल्या त्या गल्लीत आज कुणाच्या चुलीवर अजून तवा चढला नव्हता.

"आई, दादा वाजवाय लागला की कॅमेरा भलतीकडंच फिरतोय," क्रांती म्हणाली. "गळा कुठला दिसतोय तुला?"

"दिसतोय. तू गप बस."

तानाबाईची शाळा दुसरीपर्यंतची, तीही नेसरीची आणि पावसाळा वगळून. सुरातलं तिला कळत नव्हतं, आणि कळतं असं तिनं कधी म्हटलंही नाही. पण एकेचाळीस वर्षं तिनं चांदणी ब्रास बॅन्डचे लाल डगले शिवले होते, त्यांची पितळी बटणं चिंचेनं घासली होती, सॅक्सोफोनच्या तोंडाला लागतात त्या बोरूच्या पत्त्या कोमट पाण्यात धुऊन खिडकीत ओळीनं वाळत घातल्या होत्या. फुंकणारा माणूस आणि फुंकल्यासारखं करणारा माणूस यांतला फरक ती गळ्यावरून सांगायची. दमलेला एखादा गडी वरातीत नुसते गाल फुगवून चालायला लागला, की तानाबाई पार रस्त्याच्या पलीकडून ओळखायची. तिसऱ्या रांगेतला चोर हाय, म्हणायची, आणि असायचाच.

पडद्यावर खाली नाव आलं. जीत, पुणे.

"जीत कोण?" दारातून शेजारच्या बनाबाईनं विचारलं.

"आमचाच की," क्रांती म्हणाली. "टीव्हीत बारकं नाव लागतंय."

"नाव बारकं केलं ते केलं, गाव बी बदललं व्हय?" तानाबाई म्हणाली.

लोक हसले. ती हसली नाही.

कार्यक्रमाची बाई सांगत होती की हे चौघं पुण्यातल्या एका हॉटेलात जाझ वाजवतात, चार माणसं ऐकतात आणि दोन जेवतात, आणि आज ते आपल्यासाठी आपलं सगळ्यांचं गाणं घेऊन आलेत. मग ढोलकीसारखं काहीतरी वाजलं, गिटारवाला उड्या मारायला लागला आणि गाणं सुरू झालं. गल्लीनं पहिल्या दोन ठोक्यांत ओळखलं. गेल्या लग्नसराईत हेच गाणं प्रत्येक वरातीत वाजलं होतं.

"हे वाजवायला पुण्याला गेलता काय?" तानाबाई म्हणाली. "हे तर हितं चौकातबी वाजतंय की."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर गैबीभाई बसले होते. बॅन्डात साइड ड्रम त्यांच्या गळ्यात असायचा, आणि त्यांच्या उजव्या हाताला पस्तीस वर्षं आकाराम मास्तर चालायचे, तानाबाईचे मालक. मास्तरांना जाऊन चार वर्षं झाली होती. बॅन्ड त्यांच्यामागं दोन लग्नसराया टिकला, मग डीजेच्या गाड्या आल्या. ड्रम माळ्यावर गेला. पण गैबीभाईंची बोटं अजून कुठलंही गाणं ऐकलं की गुडघ्यावर हलायची. आता हलत होती.

"वहिनी, नाव घेईल न्हवं आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"घेईल. सांगिटलंय मी."

शूटिंगच्या आदल्या दिवशी फोनवर तिनं विश्वजितला एवढंच मागितलं होतं. टीव्हीत तुला बोलायला देतील तवा बापाचं एकदा नाव घे, आणि बॅन्डचं घे. तो म्हणाला होता, घेतो की आई, ते काय सांगाय लागतंय. तानाबाईला स्वतःला ते नाव घेता येत नव्हतं. लग्नात पुढ्यातल्या बायकांनी पढवलेल्या उखाण्यात घेतलं, तेवढंच. पुढं हळदीकुंकवाला आग्रह झाला की ती म्हणायची, नाव घ्यायला माणूस काय पळून चाललाय? दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिनं गैबीभाईंना पुढं केलं होतं. आणि नंतर मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीही.

गाणं मध्येच थांबलं. ढोलकी बारीक झाली, गिटारवाला मागं सरला, निळा उजेड पिवळा झाला आणि विश्वजितनं डोळे मिटून नळी ओठांत धरली. कॅमेरा जवळ आला. इतका जवळ, की त्याच्या हनुवटीवरचा लहानपणीचा वण दिसला.

गळा सपाट होता.

तानाबाई पुढं सरकली. सूर येत होता, खालून, सावकाश, जिना चढताना म्हातारा माणूस प्रत्येक पायरीवर टेकतो तसा टेकत येत होता. बोटं हलत होती. गाल हलत होते. गळ्यावरची शीर मात्र झोपलेली होती. आणि सूर चढत चढत अगदी वर पोचायच्या अलीकडं दातांतून वारा निसटावा तशी एक बारीक शीळ आली.

गैबीभाईंची बोटं गुडघ्यावर थांबली.

मालकांचा पुढचा दात अर्धा होता. कागलच्या एका वरातीत नवरदेवाचा मामा नाचता नाचता सॅक्सोफोनवर येऊन आदळला आणि तोंडातली नळी दातावर बसली. त्या दिवसापासून वरच्या सुराला त्या फटीतून वारा गळायचा. दात बसवून घ्या म्हणून तानाबाईनं किती डोकं फोडलं. ते म्हणायचे, असू दे, त्यानं माणूस वळखू येतंय.

विश्वजितचे दात पुण्यात नीट करून घेतलेले होते. आताही पिवळ्या उजेडात पांढरे दिसत होते.

तानाबाईनं डोक्यावरून पदर घेतला. मालक घरात आले की घ्यायची, तसा. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, पोरगं बापाला घेऊन गेलंय. आपल्याला बोलला नाही, अचानक दाखवायचं म्हणून बोलला नसेल. आता वाजवून झालं की सांगेल.

तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, एका जुन्या कॅसेटवर. मालकांना तरुणपणी सर्कशीच्या बॅन्डात फर्नांडिस मास्तर म्हणून गोव्याचे एक म्हातारे भेटले होते. त्यांनी हे वाजवणं शिकवलं, जाझ म्हणतात ते, आणि शिकवताना एक अट घातली. काल वाजवलेलं आज वाजवायचं नाही. वाजवलंस तर ती चोरी, मग स्वतःच्या घरातली का असेना. मालकांनी ती अट जन्मभर पाळली. वरात कार्यालयाच्या दारात पोचायची, पाहुणे जेवायला आत जायचे, बॅन्डवाल्यांना बाहेर पायरीवर बसवायचे. जेवणाची पानं येईपर्यंतच्या त्या अर्ध्या तासात ते आपलं वाजवायचे, रोज नवं. ऐकायला गैबीभाई आणि चपला सांभाळणारा एखादा.

क्रांती पाळण्यात असताना तानाबाईनं एकदा भावाचा टेपरेकॉर्डर जोंधळ्याच्या डब्यामागं लपवला आणि परसात वाजवणाऱ्या मालकांचा आवाज त्यात धरला. किती वेळ झाला ते तिच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि यंत्र चालू आहे तेही विसरली. सवयीनं तिनं हाक मारली, या की आता, भाकरी थंड व्हायलीया. मालक आत आले, डब्यामागचा लाल दिवा त्यांनी पाहिला. रागावले नाहीत. जेवले. हात धुताना म्हणाले, ठेव. पण ही घराच्या भाईर जायची न्हाय. तानाबाईनं ताटातल्या भाकरीवर हात ठेवून शब्द दिला होता.

गेल्या गणपतीत विश्वजित म्हणाला, आई, टेपला बुरशी आलीया, दे, मोबाईलमध्ये घालून आणतो, न्हायतर एक दिवस नुसती पट्टी उरंल. तिनं कॅसेट स्वतःच्या हातानं दिली. पोटचं पोर म्हणजे घरच. घराबाहेर कुठं गेली?

टीव्हीतला सूर आता उताराला लागला होता. तानाबाईला तो पाठ होता. आता एकदा दम घेतील, आता खालच्या सुरावर घोटाळतील, आणि आता हाक येईल.

तिथं ढोलकी कडाडली आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा वरातीचं गाणं उचललं. हाक आली नाही. तेवढीच कापली होती.

गल्लीनं शिट्ट्या मारल्या. टीव्हीतले परीक्षक उभे राहिले. त्यातला एक, चष्मेवाला, डोळे पुसून म्हणाला, "जीत, हा मधला तुकडा कुणाचा? हे आजच्या माणसाचं वाजवणं वाटत नाही."

क्रांतीनं आईचा हात धरला.

विश्वजितनं कपाळावरचे केस मागं सारले. "माझाच आहे, सर. जाझमध्ये तिथल्या तिथं सुचतं. आज उभा राहिलो आणि आलं."

"घरात कुणी वाजवायचं?"

"नाही, सर." तो हसला. "घरात संगीताचं वातावरण नव्हतं. सगळं मला एकट्यालाच शोधावं लागलं."

परीक्षकानं टाळी वाजवली, टीव्हीतल्या लोकांनी वाजवली, आणि त्या नादात खोलीतल्या दोघातिघांनीही वाजवली. मग त्यांच्या डोक्यात शब्द शिरले आणि हात जागच्या जागी राहिले. बनाबाईनं भिंतीवरच्या लाल डगल्यातल्या फोटोकडं पाहिलं. क्रांती काही बोलणार होती.

"पेढं वाटा," तानाबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर काढून तिनं कमरेला खोचला. "आणलेत कशाला मग?"

---

माणसं पांगली. क्रांती पेल्यांची ताटली घेऊन आत गेली. गैबीभाई खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी तोंड उघडून पुढच्या दातावर बोट ठेवलं.

"ऐकलं," तानाबाई म्हणाली.

"माझं कान म्हातारं झाल्यात, वहिनी. चुकलं असलं तर माफ करा."

"चुकलं न्हाय."

"मी कुठं बोलणार न्हाय."

"बोलू नका." ती जमिनीवर सांडलेला पेढ्याचा चुरा बोटानं टिपत होती. "पोरगं हाय."

गैबीभाईंनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "आकारामनं मला एकदा विचारलं हुतं," ते म्हणाले. "गैब्या, आपण वाजवतोय ते भिंतीच्या आत कुणाला ऐकू जातंय का रं? मी म्हटलं, आत ताटं वाजत्यात, कुठलं ऐकू जातंय." आणि ते निघून गेले.

फोन वाजला तेव्हा ती अजून तिथंच बसली होती.

"आई, बघितलंस?"

"बघितलं."

"कसं वाटलं?"

"तू फुंकलास का रं?"

पलीकडं गाड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. तो चालत कुठंतरी आडबाजूला गेला असावा. आवाज कमी झाले.

"आई, तितं कुणीच फुंकत न्हाय. सगळं आधी रेकॉर्ड करून घेत्यात. वर नुसतं उभं राहायचं."

"व्हय. मग रेकॉर्ड तरी तुझं हुतं का?"

"मी वाजवून बघितलं," तो म्हणाला. "चाळीस वेळा तरी वाजवलं, आई. त्यांच्यासारखं येईना. सोबतच्या पोरांना ऐकवाय म्हणून टेप लावली, तर डायरेक्टर म्हणाला हेच ठेवा. तेवढं साफ करून घेतलं."

"माझी हाक साफ केली."

"आई..."

"नाव का घेतलं न्हाईस?"

"घेणार हुतो. मग टीव्हीवाले म्हणाले, मेलेल्या माणसाचं वाजवलेलं म्हटलं की कागदं लागत्यात, सह्या लागत्यात, एपिसोड अडकतोय. आणि ते घरात वातावरण नव्हतं, ते त्यांनीच लिहून दिलं. त्यांना गोष्ट लागती गं. सगळ्यांच्याच घरात न्हवतं असं बोलाय लावत्यात."

"आपल्या घरात वातावरण न्हवतं," तानाबाई म्हणाली. "एकेचाळीस वर्षं पत्त्या धुतल्या मी. त्या काय दाढीच्या हुत्या?"

"आई, पहिल्यांदा कोणतरी मला वळखाय लागलंय. हॉटेलात आठ वर्षं वाजवलं, एकानं ताटातनं मान वर केली न्हाय. मंगळवारी येतोय मी. समोरासमोर बोलू."

"जेवलास का?"

"न्हाय अजून."

"जेव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, दोघांनाही. पण तोंडात एकही आली नाही, आणि असं तिच्या तोंडाचं आजवर कधी झालं नव्हतं.

---

सोमवारी सकाळी ती भिंतीवरचा फोटो काढून, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून राजारामपुरीला गेली. गल्लीतल्या पृथ्वीराजचं दुकान तिथं एका क्लासच्या जिन्याखाली होतं. वाढदिवस, निवडणूक, बारावं, सगळ्यांचे डिजिटल बोर्ड तो छापायचा. मंडळाचा सेक्रेटरीही तोच.

"या मावशी. मीच येणार हुतो." त्यानं स्टूल पुढं केलं. "उद्या विश्वजितदादा येतोय, चौकात वीस बाय दहाचा डिजिटल मारतोय मंडळाचा. नाद खुळा करून टाकू. हे बघा."

कॉम्प्युटरवर विश्वजित होता, सॅक्सोफोनसकट, मागं आगीच्या ज्वाळा. वर सोनेरी अक्षरांत हार्दिक अभिनंदन.

तानाबाईनं वाचलं. अक्षर अक्षर जुळवून, ओठ हलवत. मग फोटो सोडून टेबलावर ठेवला.

"ह्यो लाव."

पृथ्वीराजनं फोटो दोन्ही हातांनी उचलला. लाल डगल्यातले मास्तर हसत होते, अर्धा दात दिसत होता. "लावतो की. कोपऱ्यात, गोलात. वडिलांचा आशीर्वाद."

"कोपऱ्यात न्हाय. मधी. मोठा."

"आणि दादा?"

"तो खाली घे. शुभेच्छुकांच्या रांगेत."

पृथ्वीराज हसला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "मावशी, शुभेच्छुक म्हणजे आमी पोरं. पासपोर्टएवढं फोटो."

"तेवढाच लाव त्याचा."

"पोरं खातील मला."

"खाऊ देत. मंडळाच्या लेझीमवाल्यांचं डगलं कोण शिवतंय? सांग त्यास्नी, तानामावशीनं सांगिटलंय."

तो माउस हलवत राहिला. शेजारच्या जिन्यावरून क्लासची पोरं धडधडत उतरत होती. मग त्यानं ज्वाळा काढल्या, विश्वजित काढला, मास्तरांचा फोटो यंत्रात घालून पडद्यावर आणला. मोठा केला.

"दात नीट करू? एका मिनिटात हुतंय."

"दाताला हात लावलास तर बघ."

"बरं, बरं." त्यानं वरच्या सोनेरी अक्षरांवर बाण नेला. "मग हे बदलाय लागंल. भावपूर्ण श्रद्धांजली टाकतो."

"अभिनंदनच असू दे."

"मावशी, अभिनंदन हयात माणसाचं करत्यात."

"काल वाजलं न्हवं त्यांचं टीव्हीत?"

पृथ्वीराजनं तिच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं ती मुलाबद्दल बोलतेय. बापाचं रक्त मुलात वाजलं, असं काहीतरी म्हातारीला म्हणायचंय. त्याचे डोळे उगाच ओले झाले. तानाबाईनं त्याचा समज तसाच राहू दिला.

"बरं. नाव काय टाकू? आमी लहानपणापास्नं नुसतं मास्तर म्हणत आलोय."

तानाबाईनं दाराकडं पाहिलं. क्रांती लॅबमध्ये ड्यूटीवर होती. गैबीभाई उचगावात होते. बाहेर एक रिक्षावाला बिडी पेटवत होता, त्याला काय ठाऊक असणार.

"उखाण्यात घ्या की," पृथ्वीराज हसून म्हणाला.

"आकाराम," तानाबाई म्हणाली.

आवाज साधाच होता. रेशनच्या दुकानात नाव सांगतात तसा. पृथ्वीराजची बोटं मात्र वर राहिली.

"आकाराम सयाजी. पुढं मास्तर लाव. चांदणी ब्रास बॅन्ड, उचगाव." ती उठून पडद्याजवळ गेली आणि उमटलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत गेली. "बॅन्डच्या 'ब'वर अर्धा चंद्र दे. दारावरच्या पाटीवर तसाच हुता."

---

मंगळवारी पाच वाजता चौकात हलगी वाजत होती. डिजिटल सकाळीच लागला होता. त्याच्याखालून जाणारा प्रत्येकजण वर बघून एकदा थबकायचा. म्हातारी हळवी झालीया, लोक म्हणाले. काहीजण म्हणाले, बरोबर केलं तिनं, पोरगं विसरलं बापाला बोलायच्या नादात. मंडळाची पोरं नाराज होती, पण गुलाल आणलेला होता आणि तो कुणावर तरी उधळायचाच होता.

हायवेवरून गाडी आत वळली. विश्वजित उतरला, पाठीला सॅक्सोफोनची पेटी. पोरांनी त्याला उचललं, गुलाल टाकला, खाली ठेवलं. डोळ्यांतला गुलाल पुसून त्यानं वर पाहिलं.

तो किती वेळ पाहत राहिला ते कुणी मोजलं नाही. बाप वर हसत होता. त्याचा स्वतःचा फोटो खालच्या रांगेत चौथा होता, गैबीभाई आणि पृथ्वीराज यांच्या मध्ये.

"दादा, वाजव की!" कुणीतरी ओरडलं. "ते टीव्हीतलं!"

"टीव्हीतलं, टीव्हीतलं!"

हलगी थांबली. विश्वजितनं आईला शोधलं. ती दारात उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन.

"वाजव की," ती म्हणाली. "लोक म्हणायलेत."

त्यानं पेटी उघडली. पत्ती जिभेवर ओली केली, लावली. गैबीभाई गर्दीतून पुढं आले. ड्रम त्यांनी माळ्यावरून काढून आणला होता. काठ्या कातड्यावर टेकवून ते तयार राहिले. विश्वजितनं डोळे मिटले आणि फुंकलं.

तानाबाई त्याच्या गळ्याकडं बघत होती. शीर उभी राहिली होती, जाड, निळी. सूर खालून निघाला, टेकत टेकत दोन पायऱ्या चढला, तिसरीवर पाय घसरला. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा तिथंच फाटला. गर्दीतली मोबाईल धरलेली एकदोन मनगटं खाली आली.

"ते न्हवं दादा, ते वरचं!"

त्यानं नळी तोंडातून काढली. ओठांवर गुलाल आणि थुंकी एक झाली होती.

"ते मला येत न्हाय," तो म्हणाला. पुढच्या चारपाच जणांनाच ऐकू गेलं. त्यांना वाटलं, दमलाय.

गैबीभाईंनी काठ्या खाली केल्या.

तानाबाई दारातून चौकात आली. मुलाच्या तोंडावरून भाकरीचा तुकडा तीनदा उतरवून तिनं टाकून दिला, पायांवर पाणी घातलं. जसं करतात तसंच, एक गोष्ट कमी नाही, एक जास्त नाही. मग तिनं मान वर केली, त्या वीस फुटी लाल डगल्याकडं.

"या की आता," ती म्हणाली. "भाकरी थंड व्हायलीया."

विश्वजितचा पेटी मिटणारा हात तिथंच राहिला. हे शब्द त्यानंच कापून काढले होते.

तानाबाई रिकामा तांब्या घेऊन घराकडं वळली. मागं कोण येतंय ते तिनं बघितलं नाही.